अंगी न लागणारी साखर

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे डॉक्टर लेफाओ, आशीर्वादासाठी आलेले आदरणीय पाद्रीबुवा आणि त्यांच्या पत्नी, मंचावर आणि खांबांपाशी आपापल्या जागी बसलेले गावोगावचे मानकरी, महिला समितीच्या भगिनी, सकाळच्या बोटीने राजधानी आपियाहून आलेली आरोग्य खात्याची मंडळी, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी हे सगळे हार गुंफले गेले त्या आमच्या फुआतिनो सिस्टर. ज्यांची नावं घ्यायची राहिली, त्यांचा मान माझ्या मनात आहे; फक्त तोंडापर्यंत यायचा राहिला, असं समजावं.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझं नाव मेले, दवाखान्यात औषधं मी देते. माझी खिडकी आणि सिस्टरांच्या वॉर्डचं दार यांत बारा पावलांचं अंतर आहे, म्हणून मला सिस्टर जास्त ठाऊक असणार, असं समितीला वाटलं. ते खरं आहे. किती खरं आहे, ते समितीला आज कळेल.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माणसाचा जीव एखाद्या औषधावर जडतो. सिस्टरांचा जडला तो एका सरबतावर. लॅक्ट्युलोज. मधासारखं दाट आणि इतकं गोड की मुलं पुन्हा मागतात. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी ते सिस्टरांच्या हातून घेतलेलं आहे. हसू नका, मी यादी वाचणार नाही! गरोदरपणी घेतलं असेल, मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर घेतलं असेल, किंवा रविवारच्या जेवणात नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि डब्यातलं मांस जरा जास्त झालं म्हणून सोमवारी घेतलं असेल. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या बाटली पाहून घाबरायच्या. सिस्टर त्यांना म्हणायच्या, "आजी, ही साखर अंगी लागत नाही. ही पाहुणी वेगळी आहे. घरात येते, ताटावर बसत नाही, झाडू मारते आणि मागच्या दारानं निघून जाते." औषधवाली म्हणून मला इथे सांगायला हवं, की त्या बाटलीत अंगी लागणारी साखरही थोडीशी असते, तेव्हा विचारून घ्यावं. सिस्टर, अशी मान हलवू नका. तुमच्या निरोपालाही मी हे सांगणारच.

पण त्या सरबताचं आणखी एक काम आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. काळीज थकलं, म्हणजे यकृत थकलं, की अन्नातलं विष गाळलं जात नाही. ते रक्तातून डोक्यात चढतं. माणूस दिवसा पेंगतो, बोलता बोलता धागा हरवतो, घरच्यांना ओळखत नाही. हे सरबत ते विष आतड्यात खाली ओढतं आणि बाहेर टाकतं. म्हणून अशा माणसाचं पोट साफ झालं तरी औषध थांबवायचं नसतं. बाकीच्यांचं औषध जिथे संपतं, तिथे त्याचं सुरू होतं.

हे मला अकरा वर्षांपूर्वीही माहीत होतं. ते मी परदेशात, सुव्याला कॉलेजात शिकले होते आणि परीक्षेत लिहिलंही होतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना आपियाच्या मोठ्या रुग्णालयातून घरी सोडलं. आपल्यापैकी बहुतेकांना माझे वडील आठवत असतील. मुलिआगा. आपल्या गावाचे वक्ते. कुणाच्या मुलाला मानकऱ्याची पदवी द्यायची असो, पाहुण्यांचं स्वागत असो, आव्याचं मानाचं पेय वाटताना प्रत्येक वाटीला ती घेणाऱ्याचं नाव पुकारायचं ते बाबांनी. त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं की माणूस दोन बोटं उंच व्हायचा. यकृताचा आजार म्हटला की लोक बाटली आठवतात, म्हणून सांगते, बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. लहानपणीच्या काविळीचा विषाणू पन्नास वर्षं आत दबून राहिला होता.

आपियाच्या डॉक्टरांचा कागद माझ्या हातात आला. त्यावर लिहिलं होतं, की रोज दोन-तीन वेळा पातळसर शौचाला होईल इतकं औषध द्यावं, कधीही बंद करू नये, आणि हे रुग्णाला नीट समजावून सांगावं.

हे मी दर आठवड्याला परक्या माणसांना समजावत होते. पण तुम्ही मला सांगा, बाबांना कसं सांगणार? आपल्याकडे मानकऱ्याच्या जेवणाला वेगळा शब्द, झोपेला वेगळा, आजारालाही वेगळा. त्या गोष्टीसाठी मुलीच्या तोंडी शब्दच नाही. आमचं घर जुन्या पद्धतीचं, भिंती नसलेलं. बाटली बाबांच्या खांबाशी राहणार, येणारा-जाणारा वाचणार. मी विचार केला, "बाबा किती वेळा गेले" हे मुलिआगांच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायचं? तसं लिहायला माझा हात धजला नाही. रोज चिकटवते ते छापील लेबल मी काढलं, त्यावर मात्रा लिहिली आणि खाली माझी सही केली. त्या लेबलाची शेवटची ओळ अशी होती: "पोट साफ झाल्यावर बंद करावे."

मला ती ओळ दिसली नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. मी रोजनिशी लिहिते. हे भाषण लिहिण्यासाठी त्या दिवसाचं पान काढलं. त्यावर इतकंच आहे: "वारा. बोटीतून खोकी आली. बाबांचं औषध दिलं. बाकीचं फुआतिनो सिस्टर सांगतील." म्हणजे बाकीचं काही आहे, हे मला माहीत होतं. ओळ मला दिसली होती.

सिस्टरांनी सांगितलंही. त्या आठवड्यातून एकदा घरी यायच्या, बाबांसमोर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, बंद करायचं नाही बरं का." बाबा मान डोलवायचे. बाटली त्यांनी कापडात गुंडाळून ठेवली होती, त्यामुळे सिस्टरांना लेबल कधी दिसलं नाही. बघा, कुणी वाचेल म्हणून मी घाबरले होते आणि बाबांनी ती बाटली आधीच झाकली होती.

पुढच्या महिन्यात एका नव्या मानकऱ्याला पदवी देण्याचा समारंभ आला. आपण सगळे जाणतो, की आवा सुरू झाला की वक्त्यानं आपल्या खांबापासून उठायचं नाही. चार तास लागोत की पाच. पाय पसरणंही अपमान, मग मधेच उठून मागे जाणं तर बोलायलाच नको. बाबांचं पोट तर रोज साफ होत होतं. त्यांनी कापड सोडलं, लेबल वाचलं आणि समारंभाच्या चार दिवस आधी औषध बंद केलं. शब्दाला शब्द मानणारा माणूस होता तो. लिहिलं होतं तसं वागला.

त्या दिवशी काय झालं, ते इथल्या जुन्या लोकांनी पाहिलं आहे. पहिल्या वाटीला बाबांनी नाव पुकारलं ते त्यांच्या थोरल्या भावाचं. तो भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती. वाटी घेतलेला तरुण मधोमध उभा राहिला. कुणाकडे जाणार? बाबा त्याच्यावर खेकसले, "थांबलास काय? दे त्याला. तो बघ, बसलाय." आणि त्यांनी रिकाम्या खांबाकडे हात केला.

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "भाऊ न्यायला आलाय." कुणी म्हणालं, "बाहेरचं झालंय, मांत्रिकाला बोलवा." माझी आई तोंडावर चटईचं टोक धरून बसली होती. मी मागे होते. काय झालंय, ते मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी उठले नाही.

सिस्टर उठल्या. आवा चालू असताना, सगळ्या मानकऱ्यांच्या मधून, वाकूनसुद्धा नाही, ताठ चालत गेल्या. एक मानकरी ओरडला, "ए बाई, कुठे चाललीस? लाज आहे का?" त्या न थांबता म्हणाल्या, "लाज घरी ठेवून आलेय, संध्याकाळी घेईन." बाबांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, दोन्ही हात पुढे करा. असे. गाडी थांबवतो तसे." बाबांनी हात पुढे केले. ते हात फडफडले, पाय बांधलेल्या कोंबडीच्या पंखांसारखे. सगळ्यांनी पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "हे भूत नाही. हे सरबत बंद केल्यानं झालंय. उचला यांना."

दवाखान्यात त्यांनी ते सरबत नळीनं दिलं, वरून आणि खालूनही. दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला नावानं हाक मारली. तिसऱ्या दिवशी चहाला साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. बाबा वाचले.

पण आव्याची पहिली वाटी मेलेल्या माणसाला पुकारली गेली होती, आणि त्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागणार होता. तिसऱ्या दिवशी पंचांची बैठक बसली. औषध बंद करायला कुणी सांगितलं? माझा धाकटा भाऊ इओसेफो तेव्हा तिशीचाही नव्हता. तो उठला आणि सिस्टरांकडे बोट करून म्हणाला, "दर आठवड्याला ही येत होती. हिनंच सांगितलं असणार." पंच म्हणाले, बाटली आणा. बाबांना उचललं तेव्हा घरून आणलेली ती बाटली सिस्टरांजवळ होती. त्या ती घेऊन आल्या, पण वाटेत दवाखान्याच्या नळाखाली धरून त्यांनी अंगठ्याच्या नखानं लेबल खरवडून टाकलं होतं. हे मी पाहिलं. नळ माझ्या खिडकीसमोरच आहे. मी त्यांना पाहतेय, हे त्यांनीही पाहिलं.

बैठकीत सिस्टर एवढंच म्हणाल्या, "देखरेख माझी होती."

त्यांना महिला समितीच्या प्रमुखपदावरून काढलं. आमच्या घराचा उंबरा त्यांना बंद झाला. मी बैठकीच्या कडेला बसले होते आणि एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं या गावानं त्यांच्याकडून औषध घेताना विचारलं, "सिस्टर, हे चालू ठेवायचं की बंद करायचं? आधी पंचांना विचारून सांगा हं!" आणि सगळे हसले. ते हसणं मी बारा पावलांवरून ऐकत होते. निरोपपत्रातही समितीनं "काही चढउतार पाहिले" असं लिहिलं आहे. आज सिस्टर घरी जातील ते त्या उताराचं ओझं घेऊन. म्हणून मी बोलते आहे. की माझं ओझं उतरावं म्हणून बोलते आहे? हा प्रश्न मी आठवडाभर स्वतःला विचारला. मला उत्तर मिळालं नाही. मग ठरवलं, की उत्तर मिळेपर्यंत थांबणं हीसुद्धा गप्प राहायची एक सोयच आहे.

काल दुपारी मी इओसेफोला सगळं सांगितलं. आज बाबांचं पद त्याच्याकडे आहे. हातातला नारळ सोलून त्यानं बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ताई, लिहिलं तू. बोट मी दाखवलं." आणि आत जाऊन आमच्या आजीनं विणलेली मोठी चटई घेऊन आला.

आज पहाटे आम्ही दोघं सिस्टरांच्या अंगणात ती चटई डोक्यावरून पांघरून, मान खाली घालून बसलो. अपराध कबूल करणारा आपल्याकडे असाच बसतो, आणि ज्याचा अपराध केला तो बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत उठत नाही. पाद्रीबुवा, तुमच्या घरावरूनच गेलो आम्ही. तुम्ही खोकलात, पण विचारलं नाहीत, त्याबद्दल आभार.

आधी झाडूचा आवाज आला. सिस्टर अंगण झाडत होत्या. झाडत झाडत आमच्याभोवतीनं गेल्या, पुन्हा आल्या. मग चटई वर झाली.

"कोण आहे? मेले, तू? आणि हा कोण, मुलिआगांचा? उठा. चटईला दव लागतंय. एवढी जुनी चटई, अक्कल आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "सिस्टर, ते लेबल..."

"मला कशाला सांगतेस? मीच खरवडलं ना ते?"

इओसेफो म्हणाला, "आम्हाला माफ करा."

"तुला केलं. तू काय, बोट दाखवण्याचं वय होतं तुझं." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्याशी मी सहा महिने बोलले नव्हते, आठवतं? तेव्हा रोज वाटायचं, त्या खिडकीतून हात घालावा आणि तुझा गळा धरावा."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी झाडू टेकवला. "सांगून काय झालं असतं? बाटलीवर खोटं लिहिलेलं असतं, हे गावाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी तुझ्या खिडकीवर आलं असतं? तापाचं, दम्याचं, साखरेचं, सगळं बंद. माझ्यावर विश्वास नसला तरी लोक औषध घेतात, शिव्या देत का होईना. बाटलीवरचा उडाला की संपलं." आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाला माहीत होतं."

हे मला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

"शुद्धीवर आले तेव्हा मला म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही बंद करू नका म्हणत होतात. पण बाटलीवर पोरीनं लिहिलं होतं. माझी पोर सुव्याला शिकून आलीय. मी तिचं ऐकलं.' आणि म्हणाले, 'मी पंचांना सांगतो.' मी म्हटलं, साहेब, गप्प बसा आणि हे प्या."

त्यानंतर बाबा चौदा महिने जगले. दर पंधरवड्याला मी त्यांच्या हातात नवी बाटली द्यायचे आणि ते मला, पोटच्या पोरीला, मानकऱ्यांच्या भाषेत "आभारी आहे" म्हणायचे. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. ते काय म्हणत होते, ते मी सकाळपासून पुन्हा पुन्हा ऐकते आहे.

निघताना मी सिस्टरांना विचारलं, "मी आता काय करू?" त्या म्हणाल्या, "माझी माफी मागत बसू नकोस. आज सभेत मानकरी बसतील, पाद्री बसेल, तुझा भाऊ बसेल. बापाला जे बोलली नाहीस ते वाक्य तिथे मोठ्यानं बोल. गावात आज तीन माणसं यकृतासाठी हे औषध घेतात. समारंभाला बसायचं म्हणून आज सकाळी त्यांतल्या एकानं तरी ते टाळलं असणार. लिहून देते."

म्हणून बोलते. भाऊ समोर बसला आहे. त्यानं कान बंद केले तरी चालेल. बाबा, ज्यांचं यकृत थकलं आहे त्यांनी हे औषध रोज घ्यायचं. रोज दोन-तीन वेळा मऊ शौचाला झालं पाहिजे. एकदाच झालं तर मात्रा वाढवायची, फारच पातळ होऊ लागलं तर आम्हाला विचारून कमी करायची. पण पोट साफ झालं म्हणून, पाहुणे आले म्हणून, समारंभ आहे म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही. मानकऱ्यानंही नाही.

सोमवारपासून यकृताच्या प्रत्येक बाटलीवर हेच वाक्य असेल, आणि खाली माझी सही.

हे बोलण्याची संधी दिल्याबद्दल समितीची मी ऋणी आहे. आपण उशिरापर्यंत शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपली आभारी आहे. पाच मिनिटांपेक्षा फार जास्त झालं, कुणाचं नाव राहिलं, कुणाचा मान कमी पडला, ते पदरात घ्या. त्या लेबलाचं मात्र तसं म्हणणार नाही. ते अनवधानानं झालं नव्हतं. त्याची क्षमा द्यायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता शेवटचं. मागच्या टेबलावर तीन बाटल्या आणि मोजायचे प्याले ठेवले आहेत. डावीकडचं दार उघडं आहे आणि तिथून शौचालय वीस पावलांवर आहे. अजून डॉक्टरांचं भाषण व्हायचं आहे, पाद्रीबुवांची प्रार्थना व्हायची आहे आणि मग आवा आहे. ज्यांना उठायचं असेल, त्यांनी उठावं. पहिली मीच जाऊन त्या दाराशी उभी राहते, म्हणजे कुणाला एकट्यानं उठल्यासारखं वाटणार नाही.